गुलाबी रंगाचा पंचनामा

कातासाठी खैराचा गाभा लागतो. वरचे पांढरे लाकूड तासून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या काढून मडक्यांत पाण्याबरोबर उकळायच्या, उतरलेला अर्क गाळून पुन्हा आटवायचा आणि घट्ट झाला की वड्या पाडून वाळवायच्या. उत्तर कोकणातल्या जंगलांत कातकऱ्यांचा हा पिढीजात धंदा होता. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८४३ मध्ये वारली आणि कातोडी (म्हणजे कातकरी) या जमातींवर जे लिहिले त्यात तो आहे, १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येही आहे. याच कातातून रसायनशास्त्रज्ञांच्या हाती कॅटेचिन लागले. आज ग्रीन टीच्या डब्यावर अँटिऑक्सिडंट म्हणून जे मिरवते ते त्याच कुळातले. तेव्हा शहापूर-मुरबाडच्या एखाद्या वाडीवर कुणी शिबिर भरवून ‘अँटिऑक्सिडंट घ्या’ असा उपदेश करू लागला, तर त्याने आधी समोर कोण बसले आहे ते पाहावे.

उपदेशामागचे विज्ञान मात्र खोटे नाही. अन्नातून ऊर्जा काढताना प्रत्येक पेशीत ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते चरबीवर, प्रथिनांवर, डीएनएवर हल्ला करतात. पेशीकडे त्यांचा बंदोबस्तही असतो. बंदोबस्त कमी पडला आणि हल्ला वाढला की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. १९५६ मध्ये डेन्हॅम हार्मन यांनी म्हातारपणाचे खापर या रेणूंवर फोडले. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी बंदोबस्तातले एक मुख्य एन्झाइम, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, शोधून काढले. १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी या साऱ्या कल्पनेला एका ग्रंथात बांधले. मधुमेहात डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा का बिघडतात याचे एक सलग स्पष्टीकरण २००१ मध्ये मायकेल ब्राउनली यांनी मांडले. त्याच्या मुळाशी जादा साखरेने पेशीत वाढणारे हेच रेणू होते. दमेकऱ्याचे फुप्फुस, हृदयविकार, सिकलसेल, जिथे पाहावे तिथे रक्तात या हल्ल्याच्या खुणा सापडतात.

त्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त मोजली जाणारी खूण म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड. चरबीचे रेणू तुटले की ते मागे उरते. रक्तातला द्राव थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवला की नळीत गुलाबी रंग चढतो आणि ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशात तो मोजला जातो. रंग जितका गडद तितकी मोडतोड जास्त. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या बायोकेमिस्ट्री विभागांत एमडीच्या कितीतरी प्रबंधांनी याच गुलाबीवर पदवी मिळवली आहे. अडचण अशी की नमुना बर्फात ठेवला नाही, वेळेत वेगळा केला नाही, रक्तपेशी नळीतच फुटल्या, तर रंग नळीतच गडद होत जातो. शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या पुढच्या एखाद्या पाड्यावर एप्रिलमध्ये काढलेले रक्त जीपने मुंबईच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत रोग्याचा ताण किती आणि रस्त्याचा किती, हे सांगायला कुणी धजावू नये. आणि आकडा अचूक आला तरी तो जळिताचा पंचनामा असतो. किती जळाले ते कळते. आग कुणी लावली त्याचा रकाना त्यात नसतो.

तो रकाना भरायला शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत रक्त काढावे लागत नाही. १८७८ चा वन कायदा आला आणि ठाणे, कुलाब्याची जंगले राखीव होत गेली. रयतेची ओरड इतकी वाढली की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. खैर सरकारजमा झाला आणि कातभट्ट्या विझल्या. त्याच १८७८ मध्ये अबकारी कायदा आला आणि १८९२ मध्ये मोहाचा. या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करून साठवण्यावर बंधने घातली. नजर होती दारूच्या महसुलावर, पण मोहाची वाळवलेली फुले हे चैत्र-वैशाखातले पोट भरण्याचे साधनही होते. आणि त्याच १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईच्या नळांना आले. एका वर्षात इथले पाणी शहराकडे गेले आणि उन्हाळ्याचा शिधा गुन्हा ठरू लागला. पुढे वैतरणा, भातसा ही धरणे झाली, आणि आजही भातसाच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात.  

कात गेला तेव्हा कातकरी कोळशाकडे वळला. मुंबई-पुण्याच्या चुलींसाठी आणि शेगड्यांसाठी व्यापाऱ्यांनी जंगलाचे ठेके घेतले आणि भट्ट्या लावायला कातकरी जोडपी नेली. १९३४ मध्ये अ. ना. वेलिंग यांनी या जमातीवर पुस्तक लिहिले तोवर ती कर्जात आणि ठेकेदारीत पुरती रुतली होती. शहरात गॅस आला, झाडतोडीवर बंदी आली, कोळशाचा धंदा बसला. त्यानंतरची पायरी वीटभट्टी. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, भट्टीमालकाचा माणूस बयाणा देऊन जातो. दिवाळी झाली की कुटुंब पोराबाळांसह भिवंडी, कल्याणच्या दिशेने निघते आणि बयाणा फिटेपर्यंत विटा पाडते. उकळत्या खैरापासून कोळशाच्या भट्टीपर्यंत आणि तिथून वीटभट्टीतल्या तुसाच्या धुरापर्यंत, दीडशे वर्षांत या समाजाने धंदे बदलले, पण नाकातोंडात जाणारा धूर सुटला नाही, वाढला.

धुराचे फुप्फुसाशी काय नाते आहे हे महाराष्ट्राला परक्याकडून शिकायचे नाही. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या माणसांनाही सीओपीडी हा श्वासनलिका आकसत जाणारा जुनाट आजार होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा मोठा वाटा आहे, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. भुकेचेही तेच. पुण्याचेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या आया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा करत आले. वजनाने हलके पण त्या मानाने चरबी राखून जन्मणारे भारतीय बाळ आणि त्याचा पुढच्या मधुमेहाशी असलेला संबंध हे त्यांचे मोठे काम. मोहाच्या कायद्याने ज्यांच्या ताटातले काढून घेतले त्यांच्या नातवंडांच्या रक्तातली साखर १८९२ पर्यंत मागे नेता येईल असे मी म्हणत नाही. पण चार पिढ्यांच्या अर्धपोटी आया हा काही योगायोग नव्हे.

राहिला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा प्रश्न. ऑक्सिडेशनने नुकसान होते, तर अँटिऑक्सिडंट दिले की भागले, हा तर्क इतका सरळ होता की तो प्रत्यक्ष करून पाहिला गेला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. औषधाच्या दुकानात ही गोष्ट अजून पोहोचलेली दिसत नाही. शहराची तीच हौस रानभाज्यांभोवतीही दिसते. मृग लागला की मुरबाडच्या बाया शेवळ या रानभाजीच्या जुड्या आणि त्यांची खाज मारायला लागणारी काकडाची फळे घेऊन कल्याणला विकायला बसतात. त्या भाजीत काय काय गुण आहेत याच्या याद्या शहरात छापून येतात. विकणारीच्या घरी मात्र त्या पैशांतून रेशनपुरता तांदूळ येतो.

मग ऑक्सिडेशनची एकही तपासणी इथे उपयोगाची नाही का? आहे, आणि तिच्यात गुलाबी रंगाची भानगड नाही. जी-६-पीडी हे एन्झाइम तांबड्या पेशीतले, हल्लेखोर रेणूंचा बंदोबस्त करणारे ग्लुटाथिओन कामाचे ठेवते. ते जन्मतःच कमी असेल तर माणूस एरवी धडधाकट दिसतो, पण व्हायवॅक्स मलेरियावर चौदा दिवसांचे प्रायमाक्विन सुरू केले की पेशी फुटू लागतात आणि लघवी काळपट होते. हा दोष १९५६ मध्ये उलगडला आणि महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत तो आढळतो. सिकलसेलही आढळतो. त्याचा एकच जनुक वाट्याला आलेला माणूस मलेरियापासून काहीसा बचावतो, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. हिवतापाच्या या जंगलपट्टीत तो टिकून का राहिला याचे उत्तर त्यात आहे. दोन्ही जनुके आली तर पेशी विळ्यासारखी वाकते, फुटते आणि बाहेर पडलेले लोह पुन्हा तेच हल्लेखोर रेणू तयार करत राहते. या दोन्ही दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था परळला केईएमच्या आवारात आहे, आसनगावहून लोकलच्या अंतरावर. या तपासण्यांचा निकाल हाती आला की डॉक्टरला त्याच दिवशी औषध बदलता येते. म्हणून पैसा आधी इथे घालावा, आणि हिमोग्लोबिन, साखर, फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री यांवर.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे, तिची पथके या वाड्यांवरही येणार. माघ-फाल्गुनात आली तर ओसरीवर म्हातारी माणसे आणि दोन-चार लहान मुले भेटतील, बाकी कुलपे. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि आदिवासी प्रकल्प कार्यालय यांनी एकत्र बसून हे वेळापत्रक बदलावे: एक फेरी श्रावणात वाडीवर आणि दुसरी थेट वीटभट्टीवर, कामातून हात मोकळे होतात त्या वेळी. अहवालाचा कागद मुकादमाच्या हाती न देता ज्याचे रक्त त्याच्या हाती द्यावा, आणि त्यावर कोणते औषध चालणार नाही ते मराठीत, मोठ्या अक्षरात लिहावे.