नावे गळालेली चित्रे : स्मरणरंजन आणि वारशाचा प्रश्न

जुन्या छायाचित्रांचे महाजालावरील संग्रह हे मायभूमीचा वारसा जपण्याचे साधन होय, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्याची चिकित्सा करणे हाच कृतघ्नपणा ठरावा. शिवनेरीचा कडा, लेण्याद्रीच्या पायऱ्या, बाजारपेठेतील कौलारू घरे अशी चित्रे मांडली जातात. खाली ‘जुने जुन्नर’ किंवा ‘आपला गाव’ एवढीच ओळ असते. आणि जतन झाले असे मानून पाहणारा समाधान पावतो. आक्षेप या समाधानावर आहे. संकलन म्हणजे जतन नव्हे. संदर्भाविना केलेले संकलन तर विस्मरणाचेच एक सुसंस्कृत रूप होय.

जुन्नर परिसरानेच या प्रश्नाचा एक बोलका दाखला पुरविला आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या नष्ट झाल्या. पायांच्या खुणा तेवढ्या मागे राहिल्या. परंतु प्रतिमांच्या वर कोरलेली सिमुक सातवाहन, नायनिका, सातकर्णी ही नावे वाचता आली. आणि त्या नावांच्या व तेथील दीर्घ शिलालेखाच्या आधारे सातवाहन कुलाच्या आरंभकाळाचा इतिहास रचणे अभ्यासकांना शक्य झाले. येथे चित्र गेले, नाव राहिले आणि वारसा टिकला. आजच्या संग्रहांत नेमके उलट घडते. चित्र लखलखीत राहते. नाव, काळ आणि स्थळ गळून पडते.

रोलाँ बार्त यांनी १९६४ मधील आपल्या निबंधात अशी मांडणी केली की प्रतिमा स्वभावतः अनेकार्थी असते आणि सोबतचा मजकूर तिच्या तरंगत्या अर्थांना नांगरासारखा रोखून धरतो. हा नांगर दमनकारीही असू शकतो, हे त्यांनी त्याच ठिकाणी नोंदविले होते. वसाहतकालीन छायाचित्रण हे अशा दमनाचे ठळक उदाहरण आहे. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या प्रकल्पात माणूस प्राधान्याने जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून उभा आहे. त्या काळच्या पुरातत्त्वीय छायाचित्रांत लेण्याच्या खांबाशेजारी उभा केलेला माणूस तर पुष्कळदा केवळ मोजपट्टीचे काम करतो. आजचा संग्राहक ते जुने शीर्षक पुसतो आणि त्याजागी ‘आपली माणसे’ असे लिहितो. या आत्मीयतेने मूळ हिंसा दूर होत नाही. तिचा पुरावा तेवढा नाहीसा होतो.

याहून गंभीर प्रश्न जे चित्रात कधी आलेच नाही त्याचा आहे. वसाहतकालीन कॅमेऱ्याने या प्रदेशात लेणी आणि किल्ले यांना जेवढे महत्त्व दिले तेवढे वस्त्यांना दिले नाही. आजचे संग्रह तीच निवड वारसा म्हणून पुन्हा प्रमाण ठरवितात. येडगावचे उदाहरण घ्यावे. कुकडी नदीवर १९७० च्या दशकात येथे धरण उभे राहिले. येथून निघणारा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असा करमाळ्याच्या दिशेने जातो. या जलाशयाचे छायाचित्र ‘निसर्गरम्य येडगाव’ म्हणून मांडले की पाण्याखाली गेलेली शेतजमीन आणि पाणीवाटपाचे राजकारण दोन्ही चौकटीबाहेर जातात. शेजारच्या तालुक्यात तर ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव मिळाले ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्यात बुडाले. तेथे नाव नकाशावर आहे, गाव नाही. हे नसणे नोंदविण्याची सोय ज्या संग्रहात नाही, त्याने मायभूमी हा शब्द जपून वापरावा.

यावर असे म्हटले जाते की काहीच नसण्यापेक्षा हे बरे. चित्रे हाती तरी येतात, परदेशी स्थायिक झालेल्यांना गाव दिसते, अभिलेखागाराची दारे सर्वांना उघडतात. यातील लोकशाहीचा मुद्दा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रवेश खुला होणे आणि प्रामाण्य सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, तेव्हा कागद कोणाचा, कोठे मिळाला, अस्सल की नक्कल, हे प्रश्न इतिहासविद्येच्या केंद्रस्थानी आणले. चित्राला या प्रश्नांतून सूट मिळण्याचे कारण नाही. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र प्रचारात होते ते इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे असल्याचे वा. सी. बेंद्रे यांनी दाखविले आणि १९३३ मध्ये महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणले. तोवर त्या चुकीच्या चित्रापुढे वाहिलेली श्रद्धा खोटी नव्हती. पण श्रद्धेने चित्र खरे झाले नाही.

मराठी साहित्यविचाराने हा वाद एकदा घातलेला आहे. जानपद गीतांतील गोजिरवाण्या खेड्याला ग्रामीण साहित्याच्या चर्चेने हरकत घेतली, ती त्या खेड्यात कष्ट आणि जात दिसत नव्हती म्हणून. कवितेला लावलेला निकष छायाचित्राला लावताना अभ्यासकाने संकोच का करावा? छायाचित्र ‘खरे’ असते या समजुतीने तो संकोच निर्माण होतो. आणि नेमके याच समजुतीच्या आडून स्मरणरंजन इतिहासाची जागा घेते.

म्हणून अशा संग्रहांकडून किमान अपेक्षा अशी असावी : प्रत्येक चित्राचा काळ, स्थळ आणि मूळ धारक यांची नोंद व्हावी, जुने शीर्षक, ते अपमानास्पद असले तरी, पुसू नये, त्याखाली आजचे भाष्य वेगळे द्यावे, गावातील वृद्धांना चित्र दाखवून माणसांची, वाड्यांची, शेतांची नावे त्यांच्याच बोलीत टिपावीत, आणि जेथे माहिती मिळत नाही तेथे ती रिकामी जागा रिकामीच दाखवावी. हे काम खर्चिक नाही, पण घाईचेही नाही. चित्र नंतरही उतरवून घेता येईल. नाव सांगणारा माणूस मात्र नंतर असणार नाही.