घरगाडा : बॉनेटच्या फटी आणि थंडीतले पेट्रोल

मंडळी, गेल्या अंकात आम्ही हिवाळी टायरांबद्दल लिहिले. त्यावर स्नेहसंमेलनात चहाच्या रांगेत एका गृहस्थांनी आम्हांला गाठले. "टायरचे राहू द्या हो," ते म्हणाले, "माझी गाडी उन्हाळ्यात शंभर किलोमीटरला सहा लिटर पिते आणि जानेवारीत आठ. बॉनेटच्या फटींतून गार वारा आत शिरतो, त्या बुजवल्या तर?" मागून कोणी तरी म्हणाले, "खिडक्यांना पट्टी लावतो तशी लावा की!" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी आल्यावर टॉर्च घेऊन खाली गेलो आणि आमच्या गाडीच्या फटी पाहिल्या. पुढच्या कडेला करंगळी जाईल एवढी फट होती.

आपण ज्या मुलखातून आलो तिथे बॉनेट हा उघडण्याचा प्रकार. खंबाटकी नाही तर कसारा घाट चढताना गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचे, इंजिन निवेपर्यंत थांबायचे आणि कॅनमधले पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे. त्याच बॉनेटच्या फटी बुजवून इंजिनाला ऊब द्यायची, हे मनाला पटायला वेळ लागतो. पण उणे आठ अंशांत चार किलोमीटरवरच्या कचेरीत जाणाऱ्याचे इंजिन तिथे पोचेपर्यंत धड तापतच नाही, आणि खरा खर्च तिथेच आहे.

थंडीत गाडी जास्त का पिते? कारणे बरीच आहेत. इंजिन गार असताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त सोडावे लागते. तेल घट्ट होते. टायरमधला दाब दर दहा अंशांमागे सुमारे ०.१ बारने उतरतो, आणि तो आपण पाहत नाही. शिवाय शून्य अंशाची हवा वीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के दाट असते, त्यामुळे आउटोबानवर वाऱ्याचा विरोधही तेवढाच वाढतो. त्यात मागच्या काचेची तार, पंखा, सीटची ऊब यांचा भार. एकट्या फटींवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

तरीही फटींना दोन बाबतींत जागा आहे. एक म्हणजे आत शिरणारा वारा इंजिनाच्या अंगावरून फिरून त्याची ऊब पळवतो. दुसरे म्हणजे पुढून शिरलेली हवा आत घुटमळत, वाट काढत बाहेर पडते आणि तेवढी गाडी मागे ओढते. ही गोष्ट इथल्या इंजिनिअरांना फार आधी कळली होती. १९८२ सालच्या आउडी १०० ची काच आणि पत्रा जवळजवळ एका पातळीत आणून तिचा वायुविरोधाचा अंक ०.३० पर्यंत उतरवला होता, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. बीएमडब्ल्यूने २००७ पासून काही गाड्यांत जाळीमागे आपोआप मिटणाऱ्या झडपा दिल्या. इंजिनाला थंड हवेची गरज नसेल तेव्हा त्या बंद राहतात. आता अशा झडपा बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असतात. म्हणून पट्टी विकत घेण्याआधी टॉर्च लावून जाळीच्या आत पाहा. आडव्या पट्ट्या मिटलेल्या दिसल्या तर तुमचे निम्मे काम कारखान्यानेच केले आहे.

आता पुठ्ठ्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या घरात ती अजून निघते. १९९७ च्या हिवाळ्यात आम्ही आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या रेडिएटरपुढे एक पुठ्ठा खोचला. शेजारचे ट्रकवाले करायचे, म्हणून आम्हीही. गाडी लवकर तापू लागली असे वाटले, आम्ही खूश झालो आणि पुठ्ठा विसरलो. गुढी पाडव्याच्या कार्यक्रमाला निघालो तेव्हा ऊन पडले होते. मागच्या सीटवर मुले, मांडीवर श्रीखंडाचा डबा, आणि आ-७ वरचे कासेलचे चढ. तिसऱ्या चढावर काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी कडेला घेतली, मुलांना कठड्याच्या पलीकडे उभे केले, आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. सिलिंडर हेडची गास्केट गेली होती. जी रक्कम मोजावी लागली तिच्यात कित्येक हिवाळ्यांचे डिझेल आले असते. पाडवा ओढून नेणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये साजरा झाला.

चूक नेमकी काय होती, हे नंतर समजले. इंजिन तापेपर्यंत थर्मोस्टॅट बंदच असतो. साधारण नव्वद अंशांच्या आसपास तो उघडतो, आणि मगच पाणी रेडिएटरमधून फिरते. म्हणजे गार इंजिनाला रेडिएटर झाकल्याचा फायदा थोडाच, आणि तापलेल्या इंजिनाला धोका मोठा. बॉनेटच्या कडेची फट बुजवली तर रेडिएटरचा वारा अडत नाही. ती आम्हांला पुठ्ठ्यापेक्षा शहाणी वाटते ती यामुळे.

ज्यांना करूनच पाहायचे आहे त्यांनी आधी फट मोजावी. त्यासाठी घरातली कणीक चालते. सुपारीएवढे चार गोळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुढच्या कडेवर ठेवा, बॉनेट हलकेच मिटा, उघडा आणि गोळा किती चपटा झाला ते पट्टीने मोजा. त्याहून दोन-तीन मिलिमीटर जाड, आतून पोकळ अशी रबरी पट्टी बाउमार्क्टमध्ये मिळते. साधा फोम घेऊ नका, तो पाणी शोषतो आणि रात्रीत गोठून पत्र्याला चिकटतो. जागा स्पिरिटने पुसा, आणि हे काम ऑक्टोबरातल्या उन्हात करा. गारठलेल्या पत्र्यावर गोंद धरत नाही.

पट्टी फक्त पुढच्या कडेला आणि दिव्यांच्या वर लावावी. कुलपाच्या आकड्याजवळ नको. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा श्वास घेणारी नळी तिथेच, पुढच्या कडेखाली असते. तिचे तोंड मोकळे राहिले पाहिजे. काचेखालची मागची कडा तर आपल्या मनाने बुजवायचीच नाही. तिथून गाडीच्या आत ताजी हवा जाते आणि पावसाचे पाणी वाहून जाते. तिथे कारखान्याचे एक रबर आधीच असते. ते फाटले असेल तर तेवढे मात्र बदला, नाही तर इंजिनाचा वास आत येतो. आणि बॉनेट सोडल्यावर ते नेहमीसारखे बसले पाहिजे. अंगाने दाबावे लागत असेल तर पट्टी जाड झाली, त्याच दिवशी काढून टाका. एकशे वीसच्या वेगाने बॉनेट उघडून काचेवर आले तर पुढचे काही दिसत नाही.

मार्डर, म्हणजे ते इथले तारा कुरतडणारे रानटी जनावर, यानेही पट्टी चावली आहे. त्याला वरची फट लागतही नाही, तो खालून येतो. विमा कंपन्यांकडे त्याची वर्षाला दोन लाखांहून अधिक प्रकरणे जातात, तेव्हा टाइलकास्कोच्या कागदांत तो धरला आहे का ते एकदा पाहून ठेवा.

आता फायदा किती? आम्ही दोन हिवाळे वही ठेवली. दर वेळी टाकी काठोकाठ, किलोमीटर, तापमान. लांबच्या प्रवासात फरक दिसलाच नाही. रोजच्या छोट्या फेऱ्यांत थोडा दिसला, पण एका आठवड्याच्या कडक थंडीने तो पुसून टाकला. महिन्यातून एकदा टायरचा दाब तपासणे आणि दोन छोट्या फेऱ्यांची एक करणे, याने वहीत जास्त उतरले.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. काच खरवडताना इंजिन चालू ठेवणे. वाहतूक नियमांच्या तिसाव्या कलमाखाली त्याला दंड आहे, आणि उभ्या उभ्या इंजिन तापतेही हळूच. ज्यांना परवडते ते श्टांडहायत्सुंग बसवतात. एस्लिंगेनच्या एबरस्पेशरची किंवा म्युनिकजवळच्या वेबास्टोची अनेक गाड्यांत दिसते. तीही इंधन पिते, पण काही गाड्यांत इंजिनाचे पाणीही तापवून ठेवते. बंद गॅरेजात ती कधीही लावू नका. तिच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमच्याकडे रबरी पट्टी दोन मीटर उरली आहे. संक्रांतीच्या तिळगुळाला घेऊन येतो, त्या गृहस्थांनी नाही तर ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. कणीक मात्र आपापली आणावी.