नंबरचा कागद मागून घ्या

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत डोळे तपासणं हे पुण्याच्या फेरीतलं काम समजतात. मला हे पटत नाही. वाढलेला नंबर एकवेळ थांबेल, काचबिंदू थांबत नाही. सुरुवातीला तो जाणवतही नाही.

खर्चाची धास्ती खरी आहे. इथल्या नेहमीच्या आरोग्य विम्यात मोठ्यांची साधी डोळेतपासणी बहुधा नसते. पण तपासणी एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे, असं खुशाल करता येतं. तपासणी झाली की नंबरचा कागद न मागता, जादा पैसे न घेता हातात द्यायचा, असा केंद्राचा नियम १९७८ पासून आहे.

मात्र दोन बाहुल्यांमधलं अंतर त्या कागदावर बरेचदा नसतं. नाकावर छोटी पट्टी धरली की क्षणात कळतं. माझं ६२ मिलिमीटर आहे. काचेचा मध्य त्यावरूनच ठरतो, तो चुकला तर डोकं ठणकतं. मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘चष्मा इथेच घेणार असाल तर सांगतो.’ हा आकडाही कागदावर लिहिणं केंद्रीय नियमानेच सक्तीचं केलं पाहिजे.