मराठी आकडा चुकीचा कसा?

पुण्याच्या सदाशिव पेठेत राहणारे कुणी ज्येष्ठ नागरिक मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ऑनलाइन अर्ज भरतात. पिनकोडच्या रकान्यात ४११०३० लिहितात आणि खाली लाल अक्षरे उमटतात : 'योग्य पिनकोड भरा.' पिनकोड बरोबरच असतो; अपुरा असतो तो रकान्यामागचा प्रोग्रॅम.

भरलेला मजकूर सर्व्हरकडे जाण्याआधी ब्राउझरमध्येच तपासण्याचे काम १९९५ साली आलेली जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा करते. अंक म्हणून ती फक्त इंग्रजी आकडे ओळखते. देवनागरीतल्या ४११०३० ची संख्या करायला सांगितली, तर 'ही संख्या नाही' असे तिचे उत्तर येते. यावर उपाय एका ओळीचा आहे. संगणकावरच्या प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की हवा तो आकडा मिळतो. तपासणीआधी एवढे रूपांतर केले, तर नागरिकाला पुन्हा काही लिहावे लागणार नाही.

नावांच्या रकान्यांतही हीच हेळसांड दिसते. युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे आहेत. त्यामुळे 'फक्त अक्षरे' असा नियम लिहिणारा प्रोग्रॅमर नकळत 'पुणे' हा शब्दही नाकारतो. 'क्षितिज' आपल्याला तीन अक्षरांचे नाव वाटते. जावास्क्रिप्ट त्याची लांबी सात मोजते. लांबीची मर्यादा ठरवताना हा हिशेब धरलाच पाहिजे.

पेठांमधल्या घरक्रमांकांत तिरकी रेघ सर्रास असते. तिला 'विशेष चिन्ह' ठरवून सुरक्षेच्या नावाखाली अडवले जाते. हे कारण टिकणारे नाही. ब्राउझरमधली तपासणी कुणालाही बंद करता येते. खरी सुरक्षा सर्व्हरवरच राखावी लागते. ब्राउझरमधल्या आडमुठ्या नियमाने घुसखोर थांबत नाही, अडतो तो प्रामाणिक अर्जदार. या तपासणीचे काम त्याला मदत करण्याचे आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी झटलेली सी-डॅक १९८८ पासून याच पुण्यात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. अशा शहरात मराठी आकडा चूक ठरावा, हे खपवून घेण्यासारखे नाही.

सरकारी कार्यालये आणि महापालिका संकेतस्थळांचे काम निविदा काढून देतात. त्या निविदांमध्येच अट घालावी : देवनागरी अंक, मात्रांसह नावे आणि तिरक्या रेघेचे पत्ते भरून चाचणी घ्यावी, ती उत्तीर्ण झाल्याशिवाय अर्ज नागरिकांसाठी खुला करू नये आणि कंत्राटदाराचे बिलही काढू नये.