भदावरी आणि लिटरचा हिशेब

आग्रा-इटावा-भिंड परिसरातील भदावरी म्हैस दूध थोडे देते. परंतु त्यात स्निग्धांश सरासरी ८ टक्क्यांच्या घरात, क्वचित १३ टक्क्यांपर्यंत असतो. निकृष्ट चाऱ्यावर तग धरणारी ही म्हैस अल्पभूधारकाचा आधार आहे. तरीही अधिक लिटरच्या हव्यासापायी तिचा मुऱ्हाशी सरसकट संकर होत गेला. गायींचा स्निग्धांश वाढविणारे डीजीएटी-१ जनुकाचे रूप भारतीय म्हशींच्या निरनिराळ्या जातींत सर्रास आढळते. अर्थात भदावरीचे वेगळेपण इतर अनेक जनुकांत विखुरलेले असणार. एकदा मिसळले की ते वेचून काढणे दुरापास्त होय. म्हणूनच शुद्ध भदावरी रेड्यांच्या रेतमात्रा गावोगाव पोहोचविणे आणि स्निग्धांशाला रास्त भाव देणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते. गरिबाच्या गोठ्यातील ही संपत्ती बाजाराच्या भरवशावर सोडता येणार नाही.