पाकिटातले पथ्य आणि वाडीतली भाजी

वजन उतरविण्याची इच्छा आज सार्वत्रिक झाली आहे. तिचा उपाय मात्र बहुतेक जण दुकानात शोधतात. या दृष्टीने वसईतील सांडोरसारख्या गावाचे उदाहरण उद्बोधक ठरावे. रहाटाच्या आणि बावखलांच्या पाण्यावर केळी, पानवेली व भाजीपाला पिकविणाऱ्या या पट्ट्यातील माणूस पूर्वी पोटभर भात खाई आणि दिवसभर वाडीत राबे. पुढे लोकलगाडीने नोकरी दिली. आज अशाच घरातील कारकून वा शिक्षक मुंबईपर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर गाडीत काढतो आणि दिवसभर खुर्चीत बसतो. कष्ट गेले; ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. परतताना स्थानकाबाहेरच्या वडापावाची त्यात भर पडली ती वेगळीच.

आपण अंगाने सडपातळ आहोत, तेव्हा हा प्रश्न आपला नव्हे, असे कोणी समजू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. तथापि शरीरातील मेद युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या ठायी २१.२ टक्के आढळला. भारतीय देह वरून बारीक दिसला तरी आत मेद साठवितो आणि मधुमेहाला वाट करून देतो, हा त्याचा इत्यर्थ.

यावर बाजार जे पर्याय सुचवितो त्यांतील अनेक फसवे असतात. साखरेऐवजी गूळ घेतला तरी उष्मांक जवळजवळ तेवढेच राहतात. तेल शेंगदाण्याचे असो वा परदेशातील महागड्या ऑलिव्हचे, मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० उष्मांक असतातच. खरी अदलाबदल पदार्थाच्या नावात नसून प्रमाणात आणि पाककृतीत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांनी ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांना दिला आहे. म्हणजे भाताचा ढीग निम्मा करून उरलेल्या जागी दुधी, पडवळ, माठ, वालपापडी यांना बसवावे. तांदळाची भाकरी घेतली तर भात तेवढा कमी करावा. अळूवडी तळण्याऐवजी उकडलेलीच खावी. बोंबील तळण्याऐवजी आंबटात शिजवावा. नारळाचे दाट दूध सणापुरते ठेवावे. रोजच्या कालवणाला दुसऱ्या पिळीचे पातळ दूध पुरते. वसईची सुकेळी नैसर्गिक खरी, पण तिच्यातले पाणी गेलेले असते, गोडी गेलेली नसते. तेव्हा एकीवर थांबावे. नाताळातले फुगे मात्र खुशाल तळावेत. प्रश्न त्या दिवसाचा नसून वर्षाच्या उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा आहे.

या साऱ्याला पैसा फारसा लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो कोणाचा, हे क्वचितच विचारले जाते. वजन उतरवायचे पुरुषाने आणि विळीवर बसायचे घरच्या बाईने, तेही तिने स्वतः गर्दीच्या गाडीतून परतल्यावर, हा न्याय नव्हे. एकासाठी वेगळे पातेले चढविण्यापेक्षा साऱ्या घराने तेच हलके जेवण जेवावे आणि भाजी निवडण्या-चिरण्याचे काम वाटून घ्यावे. एरव्ही कोणतेही पथ्य महिनाभरही टिकत नाही.

वसईचा भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मंडईत जात आला. त्याच पट्ट्यातील माणसाने पथ्यासाठी परदेशी धान्याचे पाकीट फोडावे, ही विसंगती केवळ स्वयंपाकघरापुरती नाही. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. उरलेल्या वाडीची भाजी वाडीवाल्याच्याच शेजाऱ्याने विकत घेतली नाही, तर ती वाडी राखण्याचे कारणही हळूहळू संपेल. मग ताटाचा तो निम्मा भाग कशाने भरावयाचा, याचे उत्तर कोणत्याही पाकिटावर छापलेले सापडणार नाही.