जाहिरात कामगारांचीही हवी
‘इंदिरानगर का गुंडा’ म्हणत राहुल द्रविडने २०२१ मध्ये बॅटने गाडीचा आरसा फोडला आणि क्रेड या ॲपची जाहिरात गाजली. त्याच वर्षी झोमॅटोच्या जाहिरातीतला डिलिव्हरीवाला हृतिक रोशनबरोबरचा सेल्फी सोडून पुढच्या ऑर्डरमागे धावला. कंपनीच्या लेखी ते कौतुक. लोकांनी मात्र विचारले, बिचाऱ्याला दोन मिनिटेही उसंत नाही? ही सहानुभूती डिलिव्हरी कामगारांच्या संघटनांना आयतीच मिळाली होती. पुढे कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा गिग, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्या, कामगारांसाठी कायदा केला. त्यांच्या मोबदल्यावर कंपन्यांनी १ ते ५ टक्के कल्याण शुल्क भरायचे. पण द्रविडच्या त्याच इंदिरानगरात, बेंगळुरूच्या शंभर फुटी रस्त्यावरच्या किती ग्राहकांना हे ठाऊक आहे? संघटनांच्या घोषणा आंदोलनांसाठीच्या फ्रीडम पार्कात, ग्राहक घरी. त्यापेक्षा संघटनांनी जाहिरात म्हणून इंदिरानगर मेट्रो स्थानकात एक मोठी पावती लावावी: बिल किती, पोहोचवणाऱ्याला किती.